दहावं अक्षर

अमेरिकेत विकलेल्या कुठल्याही गाडीच्या पुढच्या काचेतून, चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात डोकावलं की एक बारीक पट्टी दिसते आणि तिच्यावर सतरा अक्षरं-आकडे. रंग बदलला, मालक बदलला, अगदी इंजिन बदललं तरी हा क्रमांक बदलत नाही. त्यातली दहावी जागा मॉडेलच्या वर्षाची. २००८ च्या गाडीला तिथे ८ असतो, २००९ च्या गाडीला ९. पुढे आकडे संपले म्हणून २०१० पासून पुन्हा ए, बी, सी. पोर्शे ९११ असेल तर लगेच पुढच्या जागी एस हे अक्षर येतं, श्टुटगार्टचं. वर्ष आणि गाव शेजारी शेजारी बसलेले. गेला हिवाळाभर माझ्या डोक्यात या दहाव्या जागेशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं. तिथे ८ हवा की ९?

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. रोज कामावर न्यायची गाडी जुनी घेताना आपण सरळ हिशेब करतो: जितकी नवी तितकी बरी, बाकी खिसा ठरवेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची महागडी स्पोर्ट्स कूपे घ्यायला निघालं की हा हिशेब चालत नाही. एका सालाच्या फरकाने इंजिन पूर्ण वेगळं निघतं, गिअरबॉक्स वेगळा निघतो, आणि दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या जुळ्या वाटतात. शिवाय अशी गाडी कुणी गरजेपोटी घेत नाही. मुलं शिकून घराबाहेर पडली, घराचं कर्ज फिटत आलं, आणि वर्षानुवर्षं मनात असलेली एक गोष्ट आता केली तर कुणाचं काही अडणार नाही असं वाटलं, तेव्हा मी ती करायला घेतली. मग ती नीट समजून करायची, एवढंच ठरवलं होतं.

ही ओढ कशामुळे, ते सांगायला हवं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं असतं. ती रस्त्यावर आली १९६४ साली, तेव्हापासून. यंत्रशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, वजन तिथे असू नये असंच तो सांगेल. ऐन वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडीचा मागचा भाग बाहेर जायला बघतो. दुसऱ्या एखाद्या कारखान्याने ही मांडणी केव्हाच मोडीत काढली असती. यांनी ती ठेवली आणि साठ वर्षं तिच्यावर काम करत राहिले. मागचे टायर रुंद केले, सस्पेन्शन बदललं, दोन चाकांमधलं अंतर वाढवलं, आणि दर खेपेला ती थोडी जास्त शहाणी होत गेली. एकाच अवघड प्रश्नाशी इतकी वर्षं प्रामाणिकपणे झुंजलेली दुसरी गाडी मला माहीत नाही.

१९९८ पर्यंत हे इंजिन हवेने थंड व्हायचं. त्यानंतर पाणी आलं. पाण्याची पहिली पिढी ९९६. तिचे पुढचे दिवे पोर्शेच्याच बॉक्स्टरसारखे केले म्हणून जुन्या चाहत्यांनी तिला फार नावं ठेवली. दुसरी पिढी ९९७, २००५ च्या मॉडेलपासून, आणि तिला गोल दिवे परत मिळाले. तिसरी ९९१, तिच्या चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरनी वाढलं आणि स्टिअरिंगला मदत करायला तेलाच्या दाबाऐवजी विजेची मोटर आली. मला ९९७ च हवी होती. पाण्याच्या इंजिनाची सोय तिच्यात आहे, आणि रस्ता खरखरीत आहे की गुळगुळीत, ओला आहे की कोरडा, हे तळहातांना सांगणारं ते जुनं स्टिअरिंगही आहे. पिढी ठरली. उरलं साल.

कारखान्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. उन्हाळी सुट्टी संपली की पुढच्या सालाच्या गाड्या रुळावर चढतात, म्हणून २००८ च्या शरदात बनलेली गाडी कागदोपत्री २००९ ची असते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मात्र बनल्याचा खरा महिना छापलेला असतो. दर नव्या सालाला एक माहितीपत्रक निघतं. त्यात नवे रंग असतात, चामड्याच्या नव्या छटा असतात, चाकांचे नवे आकार असतात. मागच्या वर्षी आमचं अमुक एक चुकलं होतं, असं मात्र कुठलीही कंपनी माहितीपत्रकात छापत नाही. ती सुट्या भागाचा क्रमांक बदलते आणि गप्प राहते. वीस वर्षांनी जुनी गाडी घेणाऱ्याला ही गप्प दुरुस्ती शोधून वाचावी लागते. सालाची निवड म्हणजे खरं तर याच वाचनाचं काम.

या पिढीतल्या सगळ्यात गाजलेल्या दुरुस्तीची गोष्ट सांगतो. इथल्या एका जुन्या गॅरेजवाल्याने, ज्याच्याकडे गेली कित्येक वर्षं याच गाड्या येतात, एक बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. तळहातात सहज मावणारं, दोन्ही बाजूंनी सील लावलेलं, साधं बॉल बेअरिंग. ‘फिरवून बघा,’ म्हणाला. फिरवलं तर आत कुठेतरी बारीक वाळू अडकल्यासारखं लागलं. ‘हे वेळेवर बाहेर आलेलं आहे,’ तो म्हणाला, ‘वेळेवर न आलेली दाखवण्यासारखी उरत नाहीत.’

इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला दांडा असतो. क्रँक त्याला साखळीने फिरवतो आणि तो पुढे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टना फिरवतो. हवेच्या इंजिनांत या दांड्याला दाबाने तेल मिळत राहायचं. पाण्याचं नवं इंजिन आखताना एका टोकाला हे सीलबंद बेअरिंग घातलं गेलं, कारखान्यात भरलेलं ग्रीस जन्मभर पुरेल या भरवशावर. काळ गेला की इंजिनातलं तेल सीलमधून आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि तिथेच साचून खराब होतं. बेअरिंग कोरडं पडतं, मग फुटतं. दांडा हलला की कॅमची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि काही क्षणांत अख्खं इंजिन भंगारात. बहुतेक गाड्यांत असं झालं नाही, होतही नाही. पण ज्यांच्या गाडीत झालं ते गप्प बसले नाहीत. अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं आणि २००१ ते २००५ या काळात बनलेल्या गाड्यांबाबत २०१३ मध्ये तडजोड झाली.

आता सालांकडे बघा. सुरुवातीला दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते टिकाऊ. २००० च्या सुमारास एका ओळीचं आलं, ते सगळ्यात नाजूक. पण क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला की त्याच वाटेने तेही बाहेर काढून बदलता येतं. २००६ पासून मोठं बेअरिंग आलं. ते खूपच भक्कम, पण ब्लॉकच्या भोकापेक्षा मोठं, म्हणजे इंजिन दोन भागांत उघडल्याशिवाय बाहेर निघतच नाही. आणि २००५? ते साल अधलंमधलं. काही गाड्यांत लहान, काहींत मोठं. गिअरबॉक्स उतरवून आतली नट मोजल्याशिवाय खात्री नाही. २००५ च्या गाड्या बाजारात सगळ्यात स्वस्त दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. ९११ चे टर्बो आणि जीटी-३ हे प्रकार या भानगडीत येत नाहीत, कारण त्यांच्यात हान्स मेझगर यांच्या जुन्या आखणीचं इंजिन राहिलं. त्यांच्या किमतीही त्यामुळे माझ्या आवाक्याबाहेर राहिल्या.

आपल्याकडे जुनी गाडी विकताना छातीठोकपणे म्हणायचं वाक्य ठरलेलं असतं: ‘इंजिन उघडलेलं नाही.’ फियाट असो, ॲम्बेसेडर असो, मारुती असो, उघडलेलं इंजिन म्हणजे डागी. एकदा मिस्त्रीचा हात आत गेला की पहिली गोष्ट गेली, असं आमच्या वडिलांची पिढी मानायची, आणि त्या काळच्या सुट्या भागांचा दर्जा पाहता ते बरोबरच होतं. दुसरं वाक्य, ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड.’ इथे या गाड्यांच्या बाजारात पहिलं वाक्य उलटं झालं आहे. क्लच करताना बेअरिंग बदलल्याचं बिल फायलीत असलं की गाडीची किंमत वाढते. न उघडलेल्या इंजिनाकडे लोक संशयाने बघतात. दुसरं वाक्य मात्र जगभर तसंच आहे. फक्त डॉक्टरांच्या जागी इथे निवृत्त वैमानिक येतो, किंवा इंजिनिअर.

दहाव्या जागेवर ९ आला आणि या कहाणीतला तो मधला दांडाच गेला. २००९ च्या ९११ ला, म्हणजे साध्या कॅरेराला आणि कॅरेरा एसला, बसवलेलं इंजिन कोऱ्या कागदावर नव्याने आखलेलं होतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, कॅमच्या साखळ्या सरळ क्रँककडून घेणारं. मधला दांडा नाही, म्हणजे बेअरिंग नाही, म्हणजे ती भीतीही नाही. ३.६ लिटरच्या साध्या कॅरेराची ताकद ३२५ वरून ३४५ अश्वशक्ती झाली, ३.८ लिटरच्या एसची ३५५ वरून ३८५. पाच गिअरचा टिपट्रॉनिक जाऊन दोन क्लचचा, सात गिअरचा पीडीके आला. मागचे दिवे एलईडी झाले. नव्याने आणलेल्या गोष्टींच्या नव्या तक्रारीही आल्याच. पहिल्या काही गाड्यांत जास्त दाबाचा पेट्रोलपंप दगा द्यायचा. थेट फवाऱ्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण त्यांना धुणारं पेट्रोल तिकडून जातच नाही. पीडीकेचे गिअर बदलायला स्टिअरिंगवर जी बटणं दिली ती पुढे ढकलली की वरचा गिअर, मागे ओढली की खालचा. बोटांना हे काही केल्या पटत नाही. पण ही दुखणी पैसे खातात, इंजिन खात नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या सालाबरोबर आली, तिचा गाडीशी थेट संबंध नाही. हे नवं इंजिन घेऊन गाड्या इथल्या विक्रेत्यांकडे पोचायला आणि लेहमन ब्रदर्स बुडायला एकच गाठ पडली, २००८ चा सप्टेंबर. त्या शरदात आमच्या कंपनीत माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यात टेबलावरचे फोटो आणि कॉफीचे मग भरून निघत होती. लिफ्टपाशी कुणाशी काय बोलावं ते सुचायचं नाही. सत्तर-ऐंशी हजार डॉलरची गाडी घ्यायचं तेव्हा कोणाच्या मनात येणार? म्हणून २००९ आणि २०१० च्या गाड्या मुळातच कमी खपल्या, आणि आज त्या शोधायला निघालं की हाताला लागत नाहीत. ज्या साली कारखान्याने आपली जुनी चूक सुधारली, नेमक्या त्याच साली ती घ्यायला माणसं नव्हती. त्या आकड्याकडे नुसता यंत्राचा आकडा म्हणून मला कधी बघता आलं नाही.

एप्रिलमध्ये पावसाने रस्त्यांवरचं मीठ धुऊन नेलं आणि न्यू जर्सीतली गॅरेजची दारं उघडली. शोधता शोधता दोन गाड्या उरल्या. एक २००८ ची कॅरेरा एस, काळपट निळी, हातानं गिअर टाकायची. दुसरी २००९ ची साधी कॅरेरा, राखाडी, तीही हातानं गिअर टाकायची. डेलावेअर वॉटर गॅपकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यांवर दोन्ही चालवल्या.

पहिलीत बसून दार ओढलं, किल्ली डावीकडे घालून फिरवली, आणि मागून असा काही भरदार घोगरा आवाज आला की साल-बील सगळं विसरलो. ३.८ लिटरच्या त्या जुन्या इंजिनाला खालपासून ओढ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेताना ते नुसतं वेग वाढवत नाही, आवाजाची पट्टीही चढवत नेतं. आजचं कुठलंच इंजिन मला असं ऐकवत नाही. दुसरी शांत होती. तिचं इंजिन जास्त गुळगुळीत, जास्त चपळ, पहिलीपेक्षा दहाच अश्वशक्तींनी कमी, पण थोडं अबोल. स्टिअरिंग दोन्हींचं सारखंच सुरेख. हौसेवर सोडलं असतं तर मी पहिलीच्या बाजूने कौल दिला असता, आणि आजही त्या आवाजाला माझ्या लेखी तोड नाही.

पहिलीच्या मालकाने टेबलावर एक जाड फाइल ठेवली. गृहस्थ निवृत्त, सत्तरीतले, गाडी नवी घेतल्यापासून त्यांचीच. प्रत्येक तेलबदलाची तारीख, मैल, तेलाचा प्रकार, सगळं एका वहीत शाईच्या पेनने लिहिलेलं. टायर बदलले तर त्यांच्या कडेवरचा आठवड्या-वर्षाचा आकडासुद्धा नोंदवलेला. क्लच केला तेव्हा त्या मोठ्या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून घेतलं होतं, म्हणजे इंजिनाचं तेल त्याला मिळत राहावं, त्याचंही बिल. वही बंद करताना त्यांनी पानं तळहाताने सारखी केली. इतकी काळजी घेतलेली वस्तू मी फार थोडी पाहिली आहे. दुसरीचे आतापर्यंत तीन मालक. पहिल्याने दोन वर्षांत विकलेली. कागद बऱ्यापैकी, मधल्या काही वर्षांचे गहाळ. किंमत मात्र साध्या दुसरीचीच जास्त, एस असलेल्या पहिलीपेक्षाही.

हौसेची माणसं अशा वेळी एक सल्ला देतात: साल बघू नका, मालक बघा. मलाही तो पटत होता, वही पाहिल्यावर तर फारच.

पण २००५ ते २००८ च्या ३.८ लिटर इंजिनाचं खरं दुखणं ते गाजलेलं बेअरिंग नाही. बेअरिंगची भीती सगळ्यांना पाठ आहे. त्याहून जास्त आढळणारं दुखणं सिलिंडरच्या भिंतीत आहे आणि त्याबद्दल जाहिरातीत कुणी अवाक्षर काढत नाही. बोअरला ओरखडे पडतात, बहुतेकदा सहाव्या सिलिंडरपासून सुरुवात होते. गाडी तेल खायला लागते, तापलेलं इंजिन सावकाश चालत असताना टकटक ऐकू येते, एका बाजूच्या धुराड्यावर दुसऱ्यापेक्षा जास्त काजळी धरते. थंड प्रदेशात हे जास्त. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर वरची भिंत स्वच्छ दिसते आणि माणूस फसतो, कारण ओरखडे खालून सुरू होतात. त्या गॅरेजवाल्याने निळ्या गाडीचं तेल काढलं, खालचं झाकण उतरवलं, आणि पिस्टन वर नेऊन कॅमेऱ्याची बारीक नळी खालून आत सारली. पडद्यावर राखाडी, मंद चमकणारी भिंत आली. स्वच्छ. सहाही सिलिंडर स्वच्छ. मग त्याने तुलनेसाठी दुसऱ्याच एका इंजिनाचा जुना फोटो दाखवला. त्यात मांजराने नखं ओढावीत तशा उभ्या काळ्या रेघा.

दोन्ही फोटो मी कोल्हापूरला दादाला पाठवले. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. उद्यमनगरात त्याचं बोअरिंग आणि होनिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरचे, ऑइल इंजिनांचे, ट्रकचे ब्लॉक आयुष्यभर त्याच्या मशीनवर चढत आले आहेत. पोर्शे त्याने कधी हाताळलेली नाही. पण सिलिंडरच्या भिंतीबद्दल त्याला कळतं तेवढं कळणारी माणसं थोडी. त्याचा फोन लगेच आला.

‘काय रे, होनिंगच्या रेघा कुठं गेल्या ह्याच्या?’

मी सांगितलं की यात बिडाचा लायनर नाही. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या जागी सिलिकॉन मिसळून ओतलंय, वरचं मऊ ॲल्युमिनियम किंचित खाली नेऊन सिलिकॉनचे कठीण कण उघडे ठेवलेत, आणि पिस्टन त्या कणांवरून सरकतो.

‘आणि पिस्टनला कोटिंग?’

‘आहे. ते झिजलं की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम.’

‘मग रिबोअर करायचं म्हटलं तर?’

‘सहज नाही होत, दादा. ब्लॉक खोदून बाहेरचे लायनर बसवणारे इथे आहेत, पण गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च जातो.’

तो जरा वेळ बोलला नाही. मागे मशीनचा आवाज येत होता. मग म्हणाला, ‘मालक चांगला असंल. पर मालकानं काय करायचं त्यात? त्येल वेळेवर बदलंल, गार इंजिन ताणणार न्हाई. त्याच्याफुडं भिंत वतणाऱ्याच्या हातात. आणि ती दुसरी?’

दुसरीचा ब्लॉक अख्खा सिलिकॉनच्या मिश्रधातूचा, वेगळ्या पद्धतीचा, आणि त्यात हे दुखणं फार कमी, असं मी सांगितलं.

‘मग मला कशाला इचारतोस?’ दादा म्हणाला.

मी त्याला विचारत होतो कारण ती वही माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. त्या माणसाने सोळा वर्षं जे हातात होतं ते सगळं केलं होतं. पण बेअरिंग सीलबंद करून आत टाकलं ते कारखान्याने. सिलिंडरची भिंत ओतली ती कारखान्याने. वहीतली शाई तिथपर्यंत पोचत नाही. तेल, टायर, क्लच, ब्रेक, चामडं, रंग, इथे मालकाची काळजी पोचते आणि तिथे मालकच बघावा. जिथे कुणाचीच काळजी पोचत नाही तिथे साल बघावं लागतं, कारण ते एकच वर्ष असं असतं की त्या वर्षी कुणीतरी कागद कोरा घेऊन बसलं होतं. मालक बघा हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. माणसांच्या बाबतीतही मला हल्ली हे जाणवतं. माझ्या ओळखीत तब्येत डोळ्यांत तेल घालून जपणारे आहेत आणि तरी वडिलांकडून आलेलं हृदय घेऊन जगणारे आहेत. त्यामुळे त्यांच्या जपण्याचा मान कमी होत नाही. पण डॉक्टर त्यांना वडिलांचं वय आधी विचारतो.

निळ्या गाडीच्या मालकांना मी फोन करून खरं कारण सांगितलं. इंजिन स्वच्छ आहे, तुम्ही गाडी उत्तम ठेवली आहे, पण मी या थंडीच्या प्रदेशात राहतो, पुढची पंधरा वर्षं ती चालवायची म्हणतो, आणि इंजिनात टक आवाज आला की प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर होईल. गाडी चालवण्याऐवजी मी ती ऐकत बसेन. ते हसले आणि म्हणाले, मीही अधूनमधून ऐकतो. तपासणीचे सगळे फोटो मी त्यांना दिले. विकताना ते दाखवता येतील. पुढच्या महिन्यात ती गाडी दक्षिणेकडे, जॉर्जियात कुणीतरी नेली. तिथे थंडी कमी, मला बरं वाटलं.

मी राखाडी घेतली. तिच्यात तो घोगरा आवाज नाही आणि तो मला हवा होता, हे मी लपवणार नाही. तिचा पेट्रोलपंप आधीच्या कुठल्यातरी मालकाने बदललेला होता, बिल होतं. व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ करून घेतला. गहाळ वर्षांचे कागद शोधायला जुन्या विक्रेत्याकडे क्रमांक दिला, त्यातले थोडे मिळाले. आता नवी वही मी घातली आहे, शाईच्या पेनने लिहिलेली.

ज्यांच्या मनात ही गाडी आहे त्यांच्यासाठी माझा कौल असा. पैसे पुरत असतील तर २००९ किंवा त्यानंतरची घ्या, आणि एसचा हट्ट धरू नका, साधी ३.६ या रस्त्यांना पुरून उरते. पैसे कमी असतील तर २००६ ते २००८ मधली साधी ३.६ बघा, मोठं बेअरिंग तिच्यात आहे आणि भिंतीचं दुखणं ३.८ पेक्षा कमी. २००५ ची घ्यायची तर बेअरिंगचं बिल हातात घेऊनच घ्या. आणि २००८ पर्यंतच्या कुठल्याही एसचा मालक कितीही भला असो, वही कितीही जाड असो, पैसे देण्याआधी खालचं झाकण उतरवून सहाही सिलिंडर खालून बघून घ्या. तपासणीला काही शे डॉलर लागतात. विकणारा नको म्हणाला तर तिथून उठा.